दोन पाटांएवढी पायरी

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. मनाने बरी आहे असं लोक म्हणतात, पण तोंड सुटलं की सुटलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही तर लोक आधी माझं दार वाजवतात आणि मग पंप चालवणाऱ्याचं, कारण माझा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. या तोंडाने आजवर बरीच कामं केली आहेत. एकदा मात्र त्याने फार वाईट केलं आणि ते निस्तरायला मला दीड वर्ष लागलं.

आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहतो. म्हणजे कधीकाळी डोंगर असेल, आता एकावर एक घरंच आहेत. रिक्षा खाली रस्त्यावर सोडते आणि तिथून आमच्या दारापर्यंत जिना. सिलिंडर, कपाट, गणपती, नवी नवरी, सगळं याच जिन्याने वर येतं. मीही तशीच आले, शालूच्या निऱ्या एका हाताने धरून, मधे दोनदा थांबून. दारात सासूबाई उभ्या होत्या. माप ओलांडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दमलंस? आता रोज चढाचा आसा."

सासूबाई मालवणाकडच्या. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद झाली तशी माणसं परळ सोडून इथे वर आली, पण मालवणी काही सुटली नाही. मी त्यांना आई म्हणते. नवरा गोरेगावच्या स्टुडिओत शूटिंगचे दिवे सांभाळतो. तो घरी कधी उगवेल ते त्यालाही माहीत नसतं, तेव्हा घरात खरं राज्य आम्हा दोघींचं. मी ब्लाउज शिवते. गळ्यात मंगळसूत्र एखादे वेळी नसेल, पण मापाची टेप असतेच. टेप गळ्यात ठेवून लग्नालासुद्धा गेले आहे एकदा. फोटोत दिसते.

आईंचा जीव की प्राण म्हणजे मासे. आणि मी आणलेला मासा त्यांना एकदाही पटला नाही. पापलेट आणलं तर पोट दाबून बघायच्या, कोलंबी आणली तर वास घेऊन मान वळवायच्या. त्यांच्या मते मासळीबाजारातल्या सगळ्या कोळणी मला लांबून येताना बघायच्या आणि कालचा माल वर काढून ठेवायच्या.

तर त्या दिवशी सकाळी मी बांगडे आणले. लग्नसराईचे दिवस, अंगावर अकरा ब्लाउज, त्यातून मुद्दाम उतरून आणले. आईंनी एक बांगडा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "ह्याचे डोळे बघलंस? ह्यो तुझ्या लग्नाक इलेलो आसतलो."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी भडकले. म्हटलं, "मग तुम्हीच जा आणि आणा! माझ्याच्याने नाही व्हायचं. तुम्हीच जा!"

त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि गेल्या. मी मशीनवर बसले आणि रागारागाने पाय मारत सुटले. एका बाहीची शिलाई पुरती वाकडी गेली. ती उसवत होते तेवढ्यात जिन्यावरून ओरडा आला.

आमच्या जिन्यात नळाच्या वळणावर एक पायरी तुटलेली होती. कधीची ते कोणालाच आठवत नव्हतं. अर्धी पायरी गायब आणि खाली चांगला हातभर खड्डा. गल्लीतल्या प्रत्येकाच्या पायांना तिथली उडी पाठ होती. मीही रोज मारायचे, कपड्यांची पिशवी काखेत धरून, फोनवर बोलत बोलत. साऱ्या जगाशी भांडणारी मी, त्या पायरीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आई त्या दिवशी रागात होत्या. उडी चुकली.

डावा खुबा मोडला, डावं मनगटही दुखावलं. ऑपरेशन झालं. आमच्याकडे आजारी माणूस खाली न्यायचा तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार शेजारी खुर्ची उचलतात. आईंना तसं तीनदा खाली-वर केलं. शेवटच्या खेपेला वाटेत एका आजोबांनी बाजूला होऊन हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी गेल्या?"

"अजून जावक नाय मी, मेल्या!" आई खुर्चीतून ओरडल्या. "जिवंत आसंय!"

चौघे इतके हसले की खुर्ची तिथेच टेकवावी लागली. मीसुद्धा हसले. आई मात्र हसल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पलंगावर बसून जाहीर केलं, "आता खुर्ची नाय. उतरान तर माझ्या पायांनी. नायतर चौघांच्या खांद्यार. मदला काय नाय."

आणि त्या खरंच उतरल्या नाहीत. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी निरोप देताना सांगितलं होतं की आजींना सहा इंचांची पायरी जमेल, त्याहून उंच नको, आणि उजव्या हाताला धरायला भक्कम काहीतरी हवं. आमच्या जिन्यात एक पायरी पाच इंचांची तर दुसरी अकरा, आणि धरायला फक्त भिंतीवरचे पाण्याचे पाइप. सहा महिने गेले. आई दारात बसायच्या आणि वर-खाली जाणाऱ्या लोकांना प्रश्न विचारायच्या. मी मासे आणायचे. त्या गुपचूप खायच्या. डोळे बघणं नाही, वास घेणं नाही, काही नाही. एकदा मी स्वतःहून म्हटलं, "आई, आजचा मासा शिळा वाटतो का?" तर म्हणाल्या, "नाय गो, बरो आसा."  त्या भांडल्या असत्या, तुझ्यामुळे पडले म्हणाल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्या दिवसाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

आता माझ्या शेजारणीबद्दल सांगते. आमच्या भिंतीला लागून तिचं घर. मूळची जालन्याकडची, इथे बालवाडीत शिकवते. माझ्या बरोबर उलट. आवाज हळू, अक्षर मोत्यासारखं, आणि रविवारी विहारात पोरांचे अभ्यास घेते तेव्हा चाळीस पोरं चिडीचूप. एका संध्याकाळी ती मला ओढत बालवाडीच्या खोलीत घेऊन गेली. तिथे कुठल्याशा संस्थेची मुलगी आली होती, मोबाइलवर एक ॲप दाखवायला. वस्तीत सरकारी पैशाचं कुठलंही काम व्हायचं असेल, चालू असेल किंवा बिघडलं असेल, तर आपण फोटो काढून पाठवायचा. फोटोबरोबर जागा आपोआप जाते. काम मंजूर झालं की त्याचा सगळा तपशील ॲपवर दिसतो, किती लांब, किती रुंद, काय काय घालणार. आणि काम संपलं की लोकांनी सांगायचं, नीट झालं की नाही.

"म्हणजे आम्ही साहेबांवर लक्ष ठेवायचं?" मी विचारलं.

"साहेबांवर नाही, कामावर," ती मुलगी म्हणाली.

"तेच ते," मी म्हटलं आणि तिथल्या तिथे ॲप उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पायरीचा फोटो काढायचं ठरलं. आणि तिथे आम्ही जो घोळ घातला त्याला तोड नाही. झालं काय, फोटो साहेबांकडे जाणार म्हटल्यावर बायकांना राहवेना. एकीने झाडू आणला. दुसरीने बादलीभर पाणी ओतून वळण धुऊन काढलं. नळापाशी लोंबणारी चिंधी कोणीतरी काढली. फोटो काढताना कोणाचा पाय जाऊ नये म्हणून खड्ड्यावर कडाप्प्याचा तुकडा ठेवला. तो उघडाबोडका दिसतो म्हणून बालवाडीतून रांगोळी आली आणि माझ्या त्या शहाण्या शेजारणीने त्यावर स्वतःच्या हाताने कमळ काढलं. मी काय केलं? मी दोन झेंडू ठेवले. मग सगळ्याजणी पदर सारखा करून मागे उभ्या राहिल्या, हसल्या, आणि फोटो गेला.

चार दिवसांनी उत्तर आलं. शेजारणीने वाचून दाखवलं: "पाहणी केली. जागा स्वच्छ व सुस्थितीत आढळली. तक्रार निकाली."

"सुस्थितीत?" मी किंचाळले. "त्यांच्या घरी येऊन सांगू का सुस्थिती?" मी फोन हिसकावून घेतला, तो फोटो पुन्हा बघितला आणि गप्प बसले. इतकी सुंदर पायरी अख्ख्या घाटकोपरात नसेल.

आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या पोट धरून हसत होत्या. "भंगलेल्या पायरेक रांगोळी घातलात, फुला ठेवलात," त्या म्हणाल्या. "त्या सायबाक वाटला आसतला, सत्यनारायण आसा!" पडल्यापासून आई पहिल्यांदा हसल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की तक्रार निकाली निघाल्याचं दुःखच गेलं.

शेजारणीने बालवाडीच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवलं, "फोटोआधी झाडू नये." ते अजून आहे. पालक विचारतात.

दुसरी तक्रार आम्ही डोकं वापरून केली. कल्पना आईंची. त्या म्हणाल्या, पायरी कित्याक दाखवतंस, उडी दाखव. मग शेजारीण नळापाशी स्टूल टाकून बसली आणि तिने सकाळभर नुसत्या उड्या चित्रित केल्या. दूधवाल्याची उडी. शाळेत निघालेल्या मुलींची एकामागून एक. साडी गुडघ्यापर्यंत उचलून माझी. सगळ्यात भारी सिलिंडरवाल्याची, खांद्यावर भरलेलं सिलिंडर आणि तोंडात सुपारी, मान न वळवता पलीकडे. खाली तिने एकच ओळ लिहिली: "या पायरीवर पडून एका आजींचा खुबा मोडला आहे. त्या सहा महिने घरातून उतरलेल्या नाहीत." गल्लीतल्या तीस-चाळीस जणांनी आपापल्या फोनवरून त्याला दुजोरा दिला. ॲपमध्ये तशी सोय आहे.

या वेळी माणूस आला. तरुण इंजिनियर, पाठीला बॅग, वळणावर पोचेपर्यंत घामाघूम. त्याने जिना बघितला आणि एकट्या पायरीवर काय भागणार म्हणाला. पुढचे काही महिने आम्ही ॲप उघडून बघत राहिलो आणि एक दिवस त्यात आमचा जिना उमटला. शेजारणीने आईंच्या पलंगाशी बसून तपशील मोठ्याने वाचला. संपूर्ण जिना नवीन. प्रत्येक पायरी सहा इंच. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा.

"परत वाच," आई म्हणाल्या. तिने परत वाचलं. आईंनी मला हाक मारली, "माळ्यार दोन पाट आसत, काढ."

ते शिसवी पाट त्यांच्या लग्नातले. एक तीन इंच उंच, दोन एकावर एक ठेवले की सहा. मी टेप लावून बघितलं, सुताचाही फरक नाही. नवऱ्याने ते दोरीने घट्ट बांधून दिले. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आई उजव्या हाताने दाराची चौकट धरून पाटांवर चढायच्या आणि उतरायच्या. आधी पाच वेळा, मग दहा वेळा. मी मशीनवर बसून मोजायचे आणि त्या माझ्यावर ओरडायच्या की मी एक आकडा खाल्ला.

खाली काम सुरू झालं. मी रोज चहाच्या आधी टेप घेऊन उतरायचे, नव्या पायऱ्या मोजायचे, टेप लावून फोटो काढायचे आणि ॲपवर टाकायचे. मिस्त्री वैतागला. पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, जिने का ब्लाउज सिलना है क्या?" मी म्हटलं, "हो, आणि फिटिंग चुकलं तर तुलाच घालीन." दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी टेप नऊवर गेली. मला वाटलं मी चुकले. दुसरी मोजली, नऊ. तिसरी, नऊ. तीस पायऱ्यांच्या जागी वीस बसवल्या की काम लवकर उरकतं, हे कळायला मला इंजिनियर व्हायची गरज नव्हती.

झाली सुरुवात. मी म्हटलं सहा, तो म्हणाला नऊच असते सगळीकडे. मी टेप दाखवली. तो म्हणाला, कपड्याची टेप ताणली जाते, ती काय खरी?

बस्स. "या टेपवर पंचवीस वर्षं घाटकोपरच्या बायका ब्लाउज घालतायत!" मी ओरडले. "एकीचंही बटण तुटलेलं नाही! आणि तू मला टेप शिकवतोस?" वरून चार खिडक्या उघडल्या. मिस्त्री थापी घेऊन पलीकडे गेला. पण काम थांबलं नाही, आणखी तीन पायऱ्या नऊच्याच झाल्या. मी वर आले ती रडतच. आई पाटांवर होत्या. मी दारातच म्हटलं, "आई, नऊ इंचांच्या करतायत."

त्या पाटांवरून खाली उतरल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "तिसरो पाट नाय आपल्याकडे." एवढंच. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी व्यायाम केला नाही.

शेजारणीने मला पाणी दिलं, डोळे पूस म्हणाली, आणि शांतपणे सगळे फोटो क्रमाने लावून ॲपवर टाकले. तारखेप्रमाणे. प्रत्येकाखाली पायरीचा नंबर. तिसऱ्या दिवशी इंजिनियर आला. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं. त्यात भ्रष्टाचार, गरिबी, म्हातारी माणसं असं सगळं होतं. पण तो मिस्त्रीकडे गेलाच नाही, थेट वर आमच्या दारात आला, धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, "खुबा मोडलेल्या आजी इथे राहतात का?"

आईंनी त्याला आत बसवलं. कोकमाचं सरबत द्यायला लावलं. तो पितोय तेवढ्यात त्या उठल्या, चौकट धरली आणि दोन पाटांवर चढून दाखवलं. उतरून दाखवलं. म्हणाल्या, "ह्या इतक्या माका जमता. ह्याच्या वर नाय जमणा. तू शिकलेलो आसंस, काय करूचा ता तू ठरव."

त्याने सरबत संपवलं. ग्लास खाली ठेवला. "आजी, हे पाट घेऊन जाऊ का जरा?" असं विचारून ते काखेत मारले आणि खाली गेला. मी मागोमाग, टेप आणि भाषण दोन्ही घेऊन. त्याने नव्या पायरीला लागून पाट ठेवले. पायरी वीतभर वर राहिली नसेल, पण चार बोटं चांगली वर होती. बघायला अर्धी गल्ली जमली होती आणि टेप ताणली जाते असं या वेळी कोणी म्हणालं नाही. इंजिनियरने बॅगेतून स्टीलची टेप काढली, मोजलं, वहीत लिहिलं आणि मिस्त्रीला म्हणाला, "तोडा. सगळ्या."

माझं भाषण तसंच राहिलं. अजून आहे माझ्याजवळ, कोणाला हवं असेल तर.

पाट पुढे तिथेच राहिले. मिस्त्री स्वतःच प्रत्येक पायरी झाली की पाट लावून बघायचा आणि वर तोंड करून हाक मारायचा, "दादी का पाट बराबर!" आई दारातून हात हलवायच्या. दोघांची गट्टीच जमली. मधे कठडा एकाच बाजूला बसवून माणसं निघून गेली, तेव्हा आईंनीच मिस्त्रीला वर बोलावलं. त्यांचा जोर फक्त उजव्या हातात. "उतारताना धरीन," त्यांनी समजावलं, "चडताना काय वारो धरू?" शेजारणीने तेच वाक्य ॲपवर जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या बाजूचा कठडाही आला. मिस्त्रीने पाट धुऊन परत आणून दिले.

आणि मग ॲपवर ते बटण आलं. "काम समाधानकारक आहे का?" हो किंवा नाही. जिना इतका देखणा झाला होता की बायका फोन काढून तयारच होत्या. मिस्त्री म्हणाला, "ताई, अब तो दबा दो." मी म्हटलं, "खबरदार! आई उतरून, परत वर चढून आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. एकदा झेंडू ठेवून बघितलेत ना?" झेंडूचं नाव काढल्यावर सगळ्यांनी फोन आत ठेवले.

त्यानंतर गल्लीला दुसरा विषय उरला नाही. आई कधी उतरणार? भाजीवाला विचारायचा, सिलिंडरवाला विचारायचा. आई कोणाला दाद देत नव्हत्या. मला भीती वाटायला लागली. पाटांवर चढणं वेगळं आणि घराचा उंबरा सोडून त्या वळणावर जाणं वेगळं. एका संध्याकाळी मी बघितलं, त्या दारात उभ्या राहून नुसत्या खाली बघत होत्या आणि चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. मी काही विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी तोंड मिटून ठेवल्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

मंगळवारी त्या मला म्हणाल्या, "उद्या बुधवार. मासे बरे येतत."

बुधवारी सकाळी त्यांनी निळी सुती साडी चापूनचोपून नेसली आणि खुंटीवरची तीच पिशवी घेतली. मी धरू का म्हटलं तर नको म्हणाल्या. मी त्यांच्या एक पायरी पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, दोन्ही हात पसरून उलटी उतरायला लागले. "फुडे बघ गो," त्या म्हणाल्या, "तूच पडशीत." दारादारांत माणसं उभी होती आणि कोणी आवाज करत नव्हतं. आमच्या गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कठड्यावर त्यांचा उजवा हात सरकायचा, थांबायचा, मग पाय. सरकायचा, थांबायचा, मग पाय.

नळाच्या वळणावर त्या थांबल्या. ती पायरी आता इतर पायऱ्यांसारखीच होती, ओळखूही येत नव्हती. पण आईंनी ओळखली. मला वाटलं आता परत फिरतील.  त्यांनी पायरीकडे बघितलं, चपलेने तिच्यावर दोनदा थोपटलं आणि पाय ठेवून खाली गेल्या. मागे कोणीतरी जोरात नाक ओढलं. शेजारीणच होती.

खाली रस्त्यावर टेकल्यावर टाळ्या पडल्या. मिस्त्री दुसऱ्या गल्लीतलं काम सोडून आला होता. आईंनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. "रिक्षा कर," मला म्हणाल्या. "बांगडे संपतले."

मासळीबाजारात त्या शिरल्या आणि त्यांची चालच बदलली. पहिल्या कोळणीने बघितलं आणि कोयता खाली ठेवला. "अगो बाय! तू हाईस?" ती ओरडली. "तुझी सून येते नि तोंड वाकडं करून जाते. विचारायला धीर नाय झाला मला." आईंनी तिच्या टोपलीत हात घातला, एक बांगडा काढला, उजेडात धरला, कल्ला उघडून बघितला आणि परत टाकला. दुसरा काढला. तोही टाकला. "कालचे माका दाखव नको," त्या म्हणाल्या. "मी सून नाय." कोळीण हसत हसत खालची टोपली ओढायला वाकली.

मी तिथे ओल्या फरशीवर उभी होते आणि दीड वर्ष अडकलेलं ते बाहेर आलं. "आई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. तुम्हीच जा म्हटलं मी. माझ्यामुळे..."

आई चौथा बांगडा बघत होत्या. त्याचे डोळे लख्ख होते. त्यांनी तो बाजूला ठेवला, पाचव्याला हात घातला आणि मान वर न करता म्हणाल्या, "म्हटलंस ना, तुमीच जावा आनि हाडा? मगे, इलंय. वाटेत वायच उशीर झालो, इतक्याच. आता रडतंस कित्याक? पिशवी उघड."